न मागितलेले टपाल

पुण्याची आत्या म्हणजे आमच्या अप्पांची थोरली बहीण. २०१४ साली तिचे सहस्रचंद्रदर्शन झाले. सगळे नातेवाईक जमले, इंदूरहून मात्र कोणीच गेले नाही. समारंभानंतर चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. नेहमीची विचारपूस नाही, पोराबाळांची चौकशी नाही. “काय रे, अक्काकडे यावंसं वाटलं नाही का तुला?” एवढेच तिने विचारले. अप्पा म्हणाले, “बोलावलंस कुठे?” आणि दोन्हीकडून फोन ठेवला गेला. अप्पांनी ही गोष्ट घरात महिनाभर कोणाला सांगितली नाही.

नंतर उलगडा झाला तो असा. आतेभावाने निमंत्रण ई-मेलने धाडले होते. सत्तर-ऐंशी नातेवाइकांना एकदम, नव्याच उघडलेल्या पत्त्यावरून, सोबत पत्रिकेचे भले मोठे चित्र जोडून. ते अप्पांपर्यंत आले होते, पण यंत्राने त्याला जाहिरात समजून ‘स्पॅम’ नावाच्या खणात टाकले. मी तो खण उघडला तेव्हा तो रिकामा होता, कारण तीस दिवसांनी त्यातली पत्रे आपोआप पुसली जातात. आतेभावाने त्याच्याकडची, पाठवलेल्या पत्राची प्रत दाखवली तेव्हा कुठे अप्पांचा विश्वास बसला. तोवर भावाबहिणीत दोन महिने बोलणे नव्हते.

घरचे निमंत्रण आणि नको असलेली जाहिरात यांत यंत्राचा असा गोंधळ का व्हावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि आवक-जावक रजिस्टर, फायली, टपाल यांत वीसेक वर्षे गेली. टपालाशी रोजचाच संबंध असल्याने या न मागितलेल्या टपालाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. तो इथे मांडतो आहे. या गोष्टीत माझीही एक चूक आहे, ती शेवटी सांगेन.

टपाल हशील कोणी भरायचे?

आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ‘नॉटपेड’ पत्र आठवत असेल. इकडे हिंदी मंडळी त्याला ‘बैरंग’ म्हणतात. पाठवणाऱ्याने तिकीट लावले नाही किंवा कमी लावले, तर पोस्टमन ज्याच्या नावाचे पत्र त्याच्याकडून दुप्पट दंड घेई. पैसे नको असतील तर पत्र परत. म्हणजे पाठवणाऱ्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसे, आणि ही गोष्ट आपल्याकडे चांगली मानली जात नसे.

एके काळी इंग्लंडात हीच रीत होती. १८४० पूर्वी तिथे बहुतेक पत्रांचे हशील घेणारा भरत असे, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. रोलंड हिल यांनी ही पद्धत बदलायला लावली. १८४० मध्ये एक पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागले. पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे आणि त्याची खूण म्हणून तिकीट चिकटवायचे. हिंदुस्थानात १८५४ साली हीच पद्धत आली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हलके पत्र, अंतर कितीही असो, जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. आमच्या होळकर संस्थानानेही १८८६ साली स्वतःची टपाल तिकिटे काढली. ती अजून काही जुन्या इंदुरी घरांत आजोबांच्या पेटीत सापडतात.

तिकिटाने टपाल स्वस्त झालेच, शिवाय आणखी एक गोष्ट झाली, जी तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नसेल. प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जात असल्यामुळे तो विचार करून लिहू लागला. जाहिरातीची पत्रके टपालाने येत, नाही असे नाही. पण हजार पत्रके पाठवायची तर हजार तिकिटे लावावी लागत. त्यामुळे दुकानदार ज्यांना गरज असेल अशांनाच पाठवी. तिकीट हा एक प्रकारचा बांध होता. पुढे जे झाले ते हा बांध नाहीसा झाल्यामुळे झाले.

पहिली तार आणि पहिले ई-पत्र

तारेच्या काळातही एक नमुना घडला होता. १८६४ च्या मे महिन्यात लंडनमध्ये काही खासदारांच्या घरी संध्याकाळच्या वेळी तारा आल्या. त्या काळी तार म्हणजे काही तरी तातडीचे, बहुधा वाईट. धडधडत्या काळजाने पाकीट उघडावे तर आत एका दंतवैद्यांच्या दवाखान्याची जाहिरात आणि त्याची वेळ! संतापलेल्या एका गृहस्थाने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून विचारले की, ज्यांची माझी ओळख नाही त्यांना मला असा त्रास देण्याचा अधिकार कोणी दिला? न मागितलेल्या विद्युत-संदेशाची बहुधा ही पहिली तक्रार. पण तारेला पैसे पडत, म्हणून तो प्रकार फोफावला नाही.

संगणकावरून संगणकावर पत्र पाठवण्याची सोय १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने केली. पत्त्यात ‘@’ ही खूण त्यानेच आणली. तेव्हाचे जाळे ‘आर्पानेट’ नावाचे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे. त्यावर विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले मोजके लोक होते. इतके मोजके, की सगळ्यांची नावे आणि पत्ते एका छापील पुस्तिकेत मावत.

१९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थर्क यांनी ती पुस्तिका हाती घेतली. कंपनीची नवी यंत्रे कॅलिफोर्नियात दाखवायची होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे लोकांचे पत्ते पुस्तिकेतून पाहून टंकलिखित केले आणि सर्वांना एकच निमंत्रण एकदम पाठवले. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात, आणि उरलेले पत्ते मजकुराच्या जागेत सांडले. वाचणाऱ्याला आधी नावांची लांबलचक यादी आणि मग निमंत्रण दिसले.

जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी लगेच नापसंती कळवली. हे जाळे सरकारी कामासाठी आहे, व्यापारासाठी नाही, असे कंपनीला बजावले. पुन्हा तसे झाले नाही. पण थर्क यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले की, त्या एका पत्रामुळे एक कोटी डॉलरहून अधिक किमतीची यंत्रे विकली गेली. म्हणजे फटकारा बसला तो एकदाच, आणि फायदा मात्र भरपूर झाला. पुढच्यांनी यातला कोणता धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. त्या पहिल्या उपद्रवाच्या मुळाशी नवे असे यंत्र नव्हते. होती ती एक छापील पत्ता-पुस्तिका, जी लोकांनी एकमेकांच्या सोयीसाठी दिलेल्या माहितीवर तयार झाली होती.

‘स्पॅम’ हे नाव कुठून आले?

‘स्पॅम’ हे मुळात डुकराच्या मांसाच्या एका डबाबंद खाद्याचे नाव. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने ते १९३७ मध्ये बाजारात आणले. १९७० मध्ये ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळींनी टीव्हीवर एक प्रवेश केला. एका खानावळीत जोडपे येते. मेन्यूतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते. बाईंना स्पॅम नको असते, पण त्याशिवाय काही मिळत नाही, आणि बाजूला बसलेली मंडळी ‘स्पॅम, स्पॅम’ असे इतक्या मोठ्याने गाऊ लागतात की बाकी बोलणे ऐकूच येत नाही. इंदूरकरांना हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे पोह्यांवर शेव, कचोरीवर शेव, भाजीतही शेव. फरक इतकाच की आपल्याला ती हवी असते!

एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकून दुसऱ्यांचे बोलणे बुडवणे, याला संगणकवाले विद्यार्थी थट्टेने ‘स्पॅम’ म्हणू लागले. १९९३ च्या मार्चअखेर एका गृहस्थाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीने ‘यूजनेट’ या जाळ्यावर त्याचा एकच संदेश सुमारे दोनशे वेळा उमटला, आणि तेव्हा हे नाव अशा प्रकाराला पक्के चिकटले. तो बिचारा चुकला होता आणि त्याने माफीही मागितली.

माफी न मागणारे पुढच्याच वर्षी आले. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने यूजनेटच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांत एकच जाहिरात टाकली. विषय होता अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची सोडत. बागकामाची चर्चा असो की गणिताची, सगळीकडे ग्रीन कार्ड. त्या सोडतीसाठी अर्ज करायला काही शुल्क नव्हते, साध्या कागदावर लिहून पाठवायचे होते. वकील दांपत्य ते भरून देण्याचे पैसे घेत होते. लोकांनी इतकी निषेधाची पत्रे पाठवली की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीची यंत्रे वारंवार बंद पडली. दांपत्याने मात्र आपल्याला एक लाख डॉलरची कमाई झाल्याचे सांगितले आणि असा पैसा कसा करावा यावर पुस्तकही लिहिले. १९९७ मध्ये टेनेसी राज्याने कँटर यांची वकिलीची सनद काढून घेतली. त्यामागच्या कारणांत ही जाहिरातही होती. पण वाट तोवर पडून गेली होती.

आपल्याकडे आगमन

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत ‘हॉटमेल’ काढले आणि ई-मेलचा पत्ता फुकट मिळू लागला. हॉटमेलवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही असा फुकट पत्ता घ्या, अशी एक ओळ आपोआप जोडली जाई. म्हणजे मुलाने आईला लिहिलेल्या पत्राखालीही जाहिरात होतीच. दीड वर्षाच्या आत मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली.

आम्ही पॉलिटेक्निकला असताना इंदुरात सायबर कॅफे नुकते निघत होते. तासाचे पैसे मोजून पत्ता उघडायचा आणि कोणाचे पत्र आले आहे का पाहायचे. पहिल्या महिन्यात एकही पत्र नव्हते. दुसऱ्या महिन्यात तीन आली, आणि तिन्ही कोणत्या तरी परदेशी बक्षिसाची. पहिले पत्र पाहून मी क्षणभर हुरळलो होतो, हे कबूल करतो. तासाचे पैसे मी भरत होतो, आणि पत्रे पाठवणाऱ्याचे काहीच जात नव्हते. नॉटपेड पत्राची रीत दीडशे वर्षांनी परत आली होती. फरक एवढाच की आता पत्र परत करायची सोय नव्हती.

पहारेकरी आणि चोर

याला आवर घालायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्यासारख्या जाणकारांनी उपद्रवी संगणकांची काळी यादी चालवायला सुरुवात केली. यादीतल्या संगणकाकडून आलेले पत्र दारातच नाकारायचे. १९९८ मध्ये लंडनमध्ये ‘स्पॅमहाउस’ ही संस्था त्याच कामासाठी निघाली. आपल्या कार्यालयात दारावरचा शिपाई चेहरा पाहून आत सोडतो, तसाच हा प्रकार. चोरांनी मग वेश बदलले. दुसऱ्यांच्या घरातल्या संगणकांत विषाणू सोडून मालकाच्या नकळत त्यांच्याकडूनच पत्रे पाठवू लागले. यादीत मग कोणाकोणाला घालायचे?

२००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने वेगळी युक्ती मांडून लोकप्रिय केली. पाठवणारा कोण ते सोडा, मजकूर पाहा. चांगल्या आणि वाईट पत्रांचे दोन ढीग यंत्राला द्यायचे. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते यंत्राने मोजायचे आणि नव्या पत्राची शक्यता ठरवायची. यामागचे गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ पुढे गेल्या आहेत. पत्ता नवा आहे का, एकदम किती जणांना पाठवले, सोबत काय जोडले, हेही त्या पाहतात. पण निकाल अखेर शक्यतेचाच असतो. शक्यता म्हटली की चूक आली. आत्याच्या निमंत्रणाच्या बाबतीत हेच झाले. नवा पत्ता, ऐंशी नावे, जड चित्र. आतेभावाचे पत्र नेमके चोराच्या वेशात आले होते.

जाहिरातींच्या त्रासाचा हिशेब करताना आपण पुसण्यात गेलेला वेळ मोजतो. त्याहून मोठे नुकसान हे, की चोर इतके झाले म्हणून पहारा कडक करावा लागला, आणि त्या पहाऱ्यात घरचा माणूस अडकला.

२००४ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी दावोस येथे सांगितले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. तो सुटला नाही. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील मॅककोलो या कंपनीची जोडणी तोडण्यात आली. उपद्रवी जाळ्यांची सूत्रे तिच्या यंत्रांवरून हलत होती. जगभरातले स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून कमी झाले! काही महिन्यांत मात्र ते पुन्हा चढले.

सव्वा कोटीत एक गिऱ्हाईक

ही पत्रे वाचून कोणी खरेच काही विकत घेते का? असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली येथील संशोधकांनी २००८ मध्ये तो तपासला. ‘स्टॉर्म’ नावाच्या उपद्रवी जाळ्याचा एक भाग त्यांनी युक्तीने ताब्यात घेतला आणि त्यातून जाणाऱ्या औषधांच्या जाहिरातींत आपल्या बनावट दुकानाचा दुवा घातला. या दुकानात पैसे घेतले जात नव्हते, फक्त कोण खरेदीपर्यंत येतो ते मोजले जाई. सव्वीस दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली. खरेदीला आले अठ्ठावीस जण.

म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. हेच पन्नास पैशांच्या साध्या पोस्टकार्डाने करायचे म्हटले तर साडेसतरा कोटी रुपयांची कार्डे लागतील. अठ्ठावीस गिऱ्हाइकांसाठी एवढा खर्च कोणता व्यापारी करेल? पण खर्चच नसेल तर अठ्ठावीस काय, आठही पुरतात. उरलेल्या कोट्यवधी लोकांचा वेळ, जागा आणि मनस्ताप या हिशेबात कुठेच धरला जात नाही. रोलंड हिलने बांधलेला बांध फुटला म्हणजे काय झाले, ते या आकड्यांत दिसते.

कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या बाबतीत जगात दोन वाटा दिसतात. अमेरिकेने डिसेंबर २००३ मध्ये कायदा केला. त्यानुसार व्यापारी पत्र आधी न विचारता पाठवता येते. मात्र आपले नाव-पत्ता खरा द्यावा आणि घेणाऱ्याने नको म्हटले की दहा कामकाजाच्या दिवसांत थांबावे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात उलट वाट घेतली. सर्वसाधारणपणे, आधी संमती घ्या, मग पाठवा. एकात नको म्हणण्याचा भार घेणाऱ्यावर आहे, दुसऱ्यात विचारण्याचा भार पाठवणाऱ्यावर.

आपल्याकडची कथा निराळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ घालण्यात आले. त्यात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून फसवण्यासाठी ई-मेल पाठवणे हा गुन्हा ठरवला होता. पण कलमाची भाषा इतकी मोघम होती की ते भलत्याच लोकांवर चालले. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर गदारोळ उठला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकाल योग्यच होता. मात्र त्याबरोबर त्रासदायक ई-मेलला लागू होणारा तो तुकडाही गेला.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ पासून नको असलेल्या व्यापारी फोन आणि एसएमएसवर नियम केले. त्यांची तक्रार आपण १९०९ या क्रमांकावर करतो. पण ते नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, ई-मेलसाठी नाहीत. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. संमती घेऊन गोळा केलेली माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्याचे मुख्य सूत्र. हे सूत्र समजायला वकील लागत नाही. शेजाऱ्याने गावाला जाताना दिलेली घराची किल्ली आपण तिसऱ्याच्या हाती देत नाही, तसेच आहे हे.

माझी चूक आणि मंडळाची परिवार-सूची

आता कबुली. २०१२ मध्ये आपल्या मंडळाने परिवार-सूची छापली होती, ती अनेकांच्या घरी असेल. निळे मुखपृष्ठ, आत कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, घरचा पत्ता, फोन, ई-मेल. लग्नकार्याला, अडीअडचणीला आपली माणसे एकमेकांना सापडावीत म्हणून ती होती, आणि तिचा उपयोगही झाला. ती माहिती गोळा करून संगणकावर चढवण्याचे काम माझ्याकडे होते. कार्यकारिणीतल्या, छपाईच्या आणि मदतीच्या अशा ज्या कोणी मागितली त्या सर्वांना मी ती फाइल पाठवली. “तुमची माहिती कोणाला दाखवू का?” असे मी एकाही कुटुंबाला विचारले नाही. विचारायचे असते, हेच सुचले नाही.

सहा महिन्यांत सुपर कॉरिडॉरकडच्या प्लॉटांच्या जाहिराती घरोघर येऊ लागल्या. मग विमा, मग कर्ज, मग लग्न जुळवणारे. मला संशय आला तो एका टंकनदोषामुळे. अप्पांच्या आडनावात माझ्याच हातून एक अक्षर चुकले होते, आणि प्रत्येक जाहिरातीत नेमके तेच चुकलेले आडनाव होते. यादी आपलीच फिरत होती. कोणाकडून गेली ते मी शोधले नाही, आणि आता शोधायचेही नाही. देणाऱ्यालाही बहुधा त्यात गैर वाटले नसेल. मला तरी कुठे वाटले होते?

अप्पांना दिवसाला चाळीस-पन्नास पत्रे येऊ लागली. सकाळी पूजा आटोपून ते हौसेने संगणक लावत, ते हळूहळू बंद झाले. स्पॅमचा खण उघडून पाहण्याचा कंटाळा त्यातूनच आला, आणि आत्याचे निमंत्रण त्याच खणात होते. १९७८ मध्ये छापील पुस्तिकेवरून जे झाले, तेच माझ्या हातून इंदुरात झाले.

जाहिरातीला माझा विरोध नाही. हातातली ही स्मरणिका जाहिरातींवरच निघते. पण ज्यांनी जाहिरात दिली त्यांनी पैसे मोजले आहेत, त्यांचे नाव उघड आहे, आणि तुम्हाला वाचायची नसेल तर पान उलटता येते. तिकीट लावून आलेल्या पत्रासारखीच ती आहे.

यंदा मंडळ परिवार-सूचीची नवी आवृत्ती काढत आहे. कार्यकारिणीने माझ्या तीन सूचना मान्य केल्या. पहिली, प्रत्येक कुटुंबाने कोणती माहिती छापावी आणि कोणती नाही, हे अर्जात स्वतः लिहून सही करायची. दुसरी, मूळ फाइल फक्त चिटणीसांकडे राहील, ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर कोणालाही जाणार नाही. तिसरी, मंडळाचे निमंत्रण अनेकांना एकदम जाईल तेव्हा पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालायचे, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा त्यांचा स्पॅमचा खण उघडून पाहावा. घरचे पत्र सापडले तर ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबावे, म्हणजे यंत्रालाही माणसे ओळखू येतात. अनोळखी जाहिरातीतल्या कोणत्याही दुव्यावर मात्र बोट ठेवू नये.

अर्ज मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. अनंत चतुर्दशीपर्यंत भरून द्यावेत. मी रोज संध्याकाळी आरतीनंतर तिथे बसेन. २०१२ मध्ये जे विचारायचे राहिले, ते या वेळी प्रत्येकाला विचारूनच घेणार आहे.

आत्या आणि अप्पांचे पुढे सुरळीत झाले, हे सांगायचे राहिले. त्या वर्षीच्या दिवाळीला आत्याने पोस्टकार्ड धाडले. तिकडच्या खुशालीनंतर खाली तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते, “भाऊबीजेला ये. हे पत्र यंत्रात अडकायचं नाही.” अप्पा गेले.

गणपती बाप्पा मोरया!